फर नको, टॉवेल घ्या! लेकरांसाठी प्राण्यांचे ड्रेस घरी शिवताना

गॅदरिंगचे दिवस जवळ आले की शाळेतून चिठ्ठ्या यायला लागतात, आणि या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं त्याच विषयावरची आहेत. कुणाला लेकराला वाघ करायचंय, कुणाला बैल, एका पोरीला तर चक्क माळढोक व्हायचंय. म्हणून हा अख्खा अंक प्राण्यांना दिलाय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण खालच्या सगळ्या उत्तरांत ती येणारच आहे: प्राण्याचा ड्रेस हा आधी लेकराचा कपडा असतो. त्यात त्याला मांडी घालून बसता आलं पाहिजे, पळता आलं पाहिजे, शू आली तर पटकन सोडता आला पाहिजे, नाकातोंडाला हवा लागली पाहिजे. हे सगळं जमलं की मग वाघ किती वाघासारखा दिसतोय ते बघायचं.

प्रश्न: ताई नमस्कार, माझा मुलगा सिनिअर केजीला आहे आणि त्याला गॅदरिंगमध्ये वाघ केलंय. भाड्याचा ड्रेस बघून आले, तो जाड फरचा आणि आतून इतका कुबट वास की लेकराला घालावासाच वाटेना. म्हणून घरी शिवायचं ठरवलंय. मशीन आहे पण मी आजपर्यंत उशांचे अभ्रे, साधे फ्रॉक आणि उसवलेलं शिवणं एवढंच केलंय. वाघाला फरच लागतं का? कापड किती आणू आणि पॅटर्न कुठून आणू?
एक आई, जुळे सोलापूर

उत्तर: फर अजिबात लागत नाही आणि पहिल्यांदा शिवणारीने तर फरच्या वाटेला जाऊच नये. फर म्हणजे सगळा पॉलिस्टर किंवा ॲक्रिलिक, घाम शोषत नाही, हवा जाऊ देत नाही, आणि आपल्याकडे डिसेंबरातसुद्धा दुपारी ऊन कसं असतं ते तुम्हाला माहितीये, त्यात स्टेजवरचे लाईट. लेकरू पाच मिनिटांत लालबुंद होतं.

आपण सोलापुरात राहतो, सगळ्या देशाला टॉवेल पुरवणारं गाव आहे हे, चादरीबरोबर इथल्या टेरी टॉवेललाही जीआय मानांकन आहे, मग वाघ टॉवेलचा का नाही? टेरीला दोऱ्याचे बारीक बारीक लूप असतात त्यामुळे लांबून ते केसाळ अंगासारखंच दिसतं, कापड सुती, घाम टिपून घेणारं, आणि कार्यक्रम झाल्यावर बिनधास्त बादलीत भिजवता येतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे किंवा पेठेतल्या टॉवेलच्या दुकानात जाऊन सेकंडचा माल मागा. कुठे विणीत चूक असते, कुठे डाग असतो, पण डागावर काळा पट्टा बसवला की संपलं. फक्त हातात धरून बघा, हॉटेलातल्यासारखा जाडजूड टॉवेल नको, पातळ आणि हलका हवा. रंग पिवळसर नारिंगी मिळाला तर उत्तमच, नाहीतर बिस्किटी किंवा हळदीसारखा पण चालतो, पट्टे मारल्यावर वाघच दिसतो.

पाच वर्षांच्या मुलाला तीस बाय साठ इंची दोन मोठे टॉवेल आणि पोटासाठी एक पांढरा नॅपकिन एवढ्यात सगळं बसतं. पहिल्या टॉवेलमधून पायजम्याचे दोन पाय, म्हणजे एका पायाला वीस इंच रुंद तुकडा, पुढचं-मागचं एकाच पिसात, बाजूला शिवण नाही. उरलेल्यात टोपडं. दुसऱ्या टॉवेलमधून पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या, आणि कडेची जी लांब पट्टी उरते तिची शेपटी. मूल अंगाने भरलेलं असेल तर आधी पेपरचे तुकडे टॉवेलवर मांडून बघा, मगच कात्री लावा.

आणि कात्री लावायच्या आधी टॉवेल रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, दोन्ही वेगवेगळ्या बादल्यांत, सकाळी वाळवा. सुती टेरी पहिल्या धुण्याला आटते, रंगही जातो थोडा. हे टाळलं तर शिवलेला वाघ धुतल्यावर धाकट्या भावाच्या मापाचा होतो.

पॅटर्न विकत आणू नका, तो तुमच्या कपाटातच आहे. मुलाचा ढगळ नाईट पायजमा घ्या, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून घडी करा आणि जुन्या पेपरवर पसरा. कमरेचं इलॅस्टिक ताणून सपाट धरायचं, नाहीतर कंबर अरुंद आखली जाते आणि नंतर पायजमा मांडीतच अडकतो. त्याच्या भोवतीने पेनाने रेघ मारा, त्या रेघेच्या बाहेर एक इंच ढिलाई आणि त्याच्याही बाहेर शिवणीसाठी अर्धा इंच माया. वरच्या भागासाठी टी-शर्ट घेऊ नका, टी-शर्टचं होजिअरी कापड ताणतं आणि टेरी ताणत नाही, ढगळ सदरा किंवा कुर्ता घ्या. गळा डोक्यातून जातोय का ते डोक्याचा घेर मोजून बघा, या वयात तो साधारण वीस इंचाच्या आसपास असतो, म्हणून मागे पाच-सहा इंचाची चीर ठेवून तिथे वेल्क्रो लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप, जे कुणी घेतच नाही. टेप खांद्यावरून पोटावर, तिथून दोन्ही पायांमधून मागे, पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणा. एका पिसाचा ड्रेस शिवणार असाल तर या मापात तीन-चार इंच वाढवल्याशिवाय पुढे जाऊच नका, आणि दोन पिसांचा असेल तरी पायजम्याचं आसन दोन इंच खोल ठेवा. वाघाला स्टेजवर रांगायचं असतं, उकिडवं बसायचं असतं, आसन तोकडं पडलं की नेमकं तिथेच टर्र होतं.

टेरी कापली की कडेने लूप सुटायला लागतात आणि घरभर भुसा होतो. सगळे तुकडे बेतून झाले की एका पिशवीत घाला आणि गल्लीतल्या पिको-फॉलवालीकडे जाऊन कडांना इंटरलॉक मारून आणा. तासाभराचं काम असतं तिचं, तुमचं दोन दिवसांचं डोकं वाचतं. मग मशीनला सोळा नंबरची सुई लावा, टाका नेहमीपेक्षा मोठा ठेवा, आणि कापड ओढू नका, मशीन नेईल तसं जाऊ द्या.

पट्टे कधी लावायचे? बाजूच्या शिवणी मारायच्या आधी! कापड सपाट आहे तोपर्यंतच पट्टे बसतात, बाही एकदा नळी झाली की आत मशीनचा पाय जात नाही. काळा जुना टी-शर्ट घ्या, होजिअरीची कड उसवत नाही त्यामुळे दुमडायची गरज नाही, तसाच कापा आणि मधोमध एक शिलाई मारून टाका, कडा मोकळ्या राहिल्या की उलट केसाळ दिसतं. फॅब्रिक कलरने रंगवू नका, टेरी रंग पिऊन टाकते आणि वाळल्यावर कडक पापडी होते. पट्टा पाठीच्या कण्यावर रुंद आणि पोटाकडे येताना निमुळता, काही दुहेरी फुटलेले, काही अर्धवट संपणारे. डावी बाजू उजव्या बाजूसारखी करायचा अट्टाहास करू नका, खऱ्या वाघाच्याही दोन्ही अंगांवरचे पट्टे सारखे नसतात.

कान दुहेरी, आत बकरमचा तुकडा, आणि बुडाशी एक चुणी घेऊन शिवा म्हणजे कान पुढे वळतो. कानाची मागची बाजू काळी करा आणि त्यावर एक पांढरा गोल लावा. वाघाच्या कानामागे असा पांढरा ठिपका असतो, दुकानातल्या ड्रेसवर तो सहसा नसतो, आणि लेकराला हे सांगितलं की तो सगळ्या वर्गाला पाठ फिरवून दाखवत सुटतो. कान टोपड्यावर तुम्हाला वाटतंय त्याच्या दीड इंच पुढे लावा, कारण टोपडं डोक्यावर गेलं की मागे सरकतंच.

शेपटीत कापूस भरू नका, जड होते आणि पायजमा खाली ओढते, उशीतला फायबर भरा, तोही सैल. लांबी गुडघ्याच्या मागपर्यंत, त्याखाली नको, मागचं पोर पाय देणारच. आणि शेपटी पायजम्याच्या कापडाला न शिवता वेगळ्या कमरपट्ट्याला शिवा, तो पट्टा सदऱ्याच्या आतून कमरेला वेल्क्रोने बसवायचा आणि शेपटी सदऱ्याला मागे कमरेशी वेगळी चीर ठेवून तिच्यातून बाहेर काढायची. कुणी ओढली तरी कापड फाटत नाही आणि वेल्क्रो सुटून मोकळा होतो.

प्रश्न: मी आधीच एक मीटर तपकिरी फर आणून बसलेय, अस्वलासाठी. कात्री लावली तर घरभर केस, शिवायला घेतलं तर मशीन टाके सोडतंय. आता काय करू?
सैफुल भागातून

उत्तर: आणलंच आहे तर वाया घालवू नका, पण अख्खं अस्वल फरचं करू नका. टोपडं, छातीवरचा तुकडा, मनगटाशी आणि घोट्याशी पट्ट्या, एवढंच फरचं ठेवा. बाकी अंग तपकिरी सुती होजिअरीचं. आपल्या भागातलं अस्वल तसंही काळं असतं आणि छातीवर पांढरट इंग्रजी व्हीसारखी खूण असते, तुमचं तपकिरी आहे तर असू दे, पण ती खूण मात्र नक्की लावा, लगेच ओळखू येतं.

कापताना फर उलटं पसरा, आखणी मागच्या बाजूला पेनाने, एका वेळी एकच थर. घडी घालून कापायचं नाही, त्यामुळे उजव्या तुकड्यासाठी पेपर उलटा करून परत आखावं लागेल. आखायच्या आधी हाताने कुरवाळून केस कुठल्या दिशेला बसतात ते बघा आणि सगळ्या तुकड्यांवर खालच्या दिशेला बाण काढून ठेवा. कात्रीचं नुसतं टोक मागच्या जाळीत सरकवत न्या, पूर्ण पातं मिटू नका, किंवा ब्लेडने फक्त जाळी चिरा. केस अखंड राहतात आणि घरही. कापल्यावर प्रत्येक तुकडा गॅलरीत जाऊन झटका, आणि हे सगळं करताना नाकाला रुमाल बांधा, लहान मूल त्या खोलीत नको.

शिवताना सोळा नंबरची नवी सुई, टाका मोठा, मशीनच्या पायाचा दाब कमी करा. आधी हाताने कच्चा टाका घाला, कारण फरवर फर सरकतं आणि टाचण्या आत हरवतात, एखादी राहून गेली तर लेकराला टोचणार. शिवण झाली की सुलट्या बाजूने जाड सुईच्या टोकाने शिवणीत अडकलेले केस बाहेर ओढून काढा आणि जुन्या कंगव्याने विंचरा, जोड कुठे आहे ते दिसतच नाही. इस्त्री मात्र चुकूनही नको, वितळतं ते. आणि ज्या कापडाला इस्त्री सोसत नाही त्याला दिवा तर अजिबात सोसत नाही. गॅदरिंगला स्टेजच्या कडेला समई पेटवलेली असते, घरी आरती, कापूर, दिवाळीत तर विचारूच नका. फर घातलेलं लेकरू ज्योतीजवळ जाऊ द्यायचं नाही, हे बाईंनाही सांगून ठेवा.

प्रश्न: नान्नजला सहल गेली होती तेव्हापासून मुलगी म्हणते मी माळढोक होणार. माळढोकाचा ड्रेस कुणी शिवलेला मी तरी बघितला नाही. दुकानात विचारलं तर मोर घ्या, पोपट घ्या म्हणतात. काही सुचवाल का? तिच्या भावालाही काहीतरी हवंय.
एक बाबा, विजापूर रोड

उत्तर: हे पत्र वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू! मोर सगळीकडे असतात ओ, माळढोक आपला आहे. नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं, ते या पक्ष्यासाठीच झालं, आणि आज तो इतका कमी राहिलाय की बहुतेक सगळे उरलेले राजस्थानात आहेत. सोलापूरच्या पोरीने स्टेजवर माळढोक होऊन यावं यापेक्षा चांगलं काय असणार. मन लावून करू.

आधी रंग पक्के करा. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरट, पाठ आणि पंख तपकिरी, पोट पांढरं. नराच्या छातीवर काळा पट्टा असतो, मादीला तो नसतो किंवा तुटक असतो, आणि मादी नरापेक्षा बरीच लहान. मुलीला कोण व्हायचंय ते तिलाच विचारा. मान लांब दाखवायला डोक्यावर पुठ्ठ्याचा मनोरा वगैरे करू नका, तोल जातो. पांढऱ्या टी-शर्टच्या कापडाचं टोपडं शिवा, खांद्यापर्यंत उतरणारं, त्यावर काळी टोपी शिवून टाका जी मागे थोडी टोकदार निघेल. चोच म्हणून जुन्या क्रिकेट कॅपची शेड कापून निमुळती करा, पिवळसर करड्या कापडात गुंडाळा आणि कपाळावर बसवा. चेहरा पूर्ण उघडा राहतो आणि सावलीपण पडते.

पंखांवर सगळा जीव लावा. एक तपकिरी सुती ओढणी घ्या, दुहेरी करून मानेच्या मागून दोन्ही मनगटांपर्यंत जाईल अशी बेता, अर्धगोल. आता टेलरकडून कापडाच्या चिंध्या मागून आणा. आपल्याकडे शाळेचे युनिफॉर्म शिवणारे कारखाने इतके आहेत की खाकी, बिस्किटी, चॉकलेटी, करडा, सगळ्या छटांचे कतरणं मिळतात, आणि माळढोकाच्या पाठीचे नेमके हेच रंग. त्याची चार-पाच इंची लांब पानं कापा, टोक गोलसर. पंखाच्या खालच्या कडेपासून सुरुवात करायची, एक ओळ शिवायची, मग तिच्या वरच्या टोकांवर अर्धी चढेल अशी दुसरी ओळ, असं वर मानेपर्यंत. वरून खाली कधी लावायला घेऊ नका, मागच्या ओळीची शिवण उघडी पडते. प्रत्येक पान फक्त वरच्या बाजूने शिवलेलं, खालून मोकळं, म्हणजे मुलगी हात पसरते तेव्हा सगळी पिसं सुटी हलतात, स्टेजवर ते बघायला फार सुंदर दिसतं. मनगटाशी इलॅस्टिकचा एकेक लूप अंगठ्यात अडकवायला द्या. मानेला नाडी बांधू नका, पंख खांद्यावर टिचबटणांनी लावा, कुणी ओढलं की बटणं सुटली पाहिजेत.

पाय हा माझा लाडका भाग. माळढोकाला तीनच बोटं असतात, तिन्ही पुढच्या बाजूला, मागचं बोट नसतंच, म्हणून तो झाडाच्या फांदीवर बसत नाही, माळावर चालतो. पिवळट फेल्टची तीन बोटांची पावलं कापून बुटांवर इलॅस्टिकने बसवा, जमिनीला घासणार नाहीत इतकी आखूड. वर त्याच रंगाची लेगिंग. आणि हातात एक अंडं द्या, कापडाचं, हिरवट तपकिरी, फायबर भरलेलं. माळढोक मादी सहसा एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. मुलीने स्टेजवर येऊन ते खाली ठेवलं आणि दोन वाक्यं बोलली तर वेगळं भाषण लिहून द्यायची गरज नाही.

भावाला काळवीट करा, नान्नजला तोही दिसतो. पाठीकडून गडद तपकिरी-काळा, पोट आणि पायांची आतली बाजू पांढरी, डोळ्याभोवती पांढरं. शिंगांसाठी एसी दुरुस्तीवाल्याकडे पाईपवर चढवतात तो काळा फोमचा नळा मिळतो, मऊ आणि अगदी हलका. वीतभर दोन तुकडे घ्या, त्यावर जाड सुतळी पीळ देत खालून वर घट्ट गुंडाळा आणि टोकं चिकटवून टाका, नळा दाबला जाऊन आपोआप वळसे पडतात. वीतभरापेक्षा लांब नकोत. आत तार घालायची नाही, कुणाच्या डोळ्याला लागली तर काय घ्या.

प्रश्न: घरात जुनी सोलापुरी चादर आहे, आमच्या ह्यांनी मागावर विणलेली, मधे विरली आहे पण काठ शाबूत आहे. नातवाला बैल व्हायचंय. चादरीचा ड्रेस शिवला तर चालेल का?
आजी, साखर पेठ

उत्तर: आजी, नमस्कार करते. चादरीचा ड्रेस नको, झूल करा! चादर अंगावर शिवली तर जड होईल, हात वळणार नाहीत, आणि कापड जाड म्हणून शिवणीच्या जाड वळ्या पडून बगलेत घासतील. पण बैलाच्या पाठीवरची झूल म्हणून तिच्यासारखं दुसरं काही नाही. बेंदूर असो, पोळा असो, नाहीतर आपल्या अक्कलकोट बाजूची कारहुणवी, बैल सजवतात तो झुलीनेच की.

विरलेला मधला भाग काढून टाका. दोन्ही काठांकडचे चांगले तुकडे घ्या, ते नातवाच्या पाठीवर मधोमध जोडा, नक्षी दोन्हीकडे खाली लोंबेल अशी. खांद्यापासून ढुंगणापर्यंत लांबी, दोन्ही बाजूंनी कोपरापर्यंत. मधल्या जोडावर लाल पट्टी मारा. बाकी तीन कडांना सुती अस्तराची किनार लावा, कारण चादरीचा दोरा कापला की उसवत जातो. कोपऱ्यांना लोकरीचे गोंडे. झूल छातीवर दोन रुंद पट्ट्यांनी टिचबटणावर लावायची आणि पोटाखालून एक इलॅस्टिक, म्हणजे वाकला तरी सरकत नाही. आत अंगात पांढरा पायजमा आणि पांढरा सदरा, घरातलाच.

शिंगं कापडाची करा. चंद्रकोरीसारखे दोन-दोन तुकडे, शिवून उलटवून फायबर ठासून भरा, काडीने टोकापर्यंत. रंग लाल नाहीतर हिंगुळासारखा, टोकाला जुन्या साडीच्या जरीच्या काठाची शेंबी गुंडाळा. शिंगाचं बूड रुंद ठेवा, बोटभर, आणि टोपड्याच्या आतून फोमचा गोल तुकडा लावून त्यातून दुहेरी दोऱ्याने शिवा, नाहीतर शिंगं कानावर पडतात. कपाळाला बाशिंग म्हणून आरशांची पट्टी चालेल, पण खरे आरसे नकोत, चमकीचे घ्या. घुंगरमाळ गळ्यात घालू नका आजी, कमरेला किंवा पायात बांधा. वेसणही नको, कितीही हौस असली तरी. आणि हो, झुलीच्या आतल्या बाजूला आजोबांचं नाव दोऱ्याने भरून ठेवा. कार्यक्रम झाला की झूल नातवाच्याच पेटीत जाऊ द्या, भाड्याने कुणाला देऊ नका.

प्रश्न: मागच्या वर्षी सशाचा एका पिसाचा ड्रेस घेतला, मागे चेन. मुलीला शू आली, चेन अडकली, बाई धावत आल्या, शेवटी रडारड आणि ड्रेस ओला. यंदा मी शिवणार आहे. एकच पीस ठेवून काही करता येईल का?
होटगी रोड

उत्तर: सहा वर्षांच्या आत दोनच पीस. सदरा मांडीपर्यंत लांब ठेवला की मधला जोड दिसत नाही आणि पायजमा नुसता इलॅस्टिकचा, लेकरू स्वतः खाली करू शकतं. तरीही एकच पीस हवा असेल तर उघड समोर ठेवा, मागे नाही, चेन न लावता वेल्क्रोचे सुटे तुकडे लावा, गळ्यापासून थेट आसनाच्या खालपर्यंत. किंवा सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज धरणाऱ्यांची बाराबंदी आठवा, कापडाचे बंद बांधून घट्ट बसते, ओढले की मोकळी. तसा पदरावर पदर आणि बाजूला कमरेशी बंद, सशाला फार छान दिसतं. फक्त बंद कमरेला, गळ्याला नाही, आणि गाठ सुरगाठ, लहान बोटांना एका ओढीत सुटणारी. घरी आधी तिलाच चार-पाचदा सोडायला लावा.

प्रश्न: मुखवटा घालावा की चेहरा रंगवावा?
बाळीवेस

उत्तर: दोन्ही कमीत कमी. मुखवट्यातून बाजूचं काही दिसत नाही आणि स्टेजला कठडा नसतो. टोपड्यावर कान आणि डोळे लावले की प्राणी पुरेसा कळतो. चेहऱ्यावर नाकाचा शेंडा काळा आणि मिशांच्या तीन-तीन रेघा, घरातल्या आयब्रो पेन्सिलने. पोस्टर कलर, ऑइल पेंट, मार्कर यातलं काहीही त्वचेला लावायचं नाही. बाजारातला फेस पेंट आणलाच तर आदल्या दिवशी कोपराच्या आत ठिपका लावून बघा, खाज आली तर विषय संपला.

प्रश्न: ताई परवा कार्यक्रम आहे, शाळेने आज सांगितलं. मशीन नाही, नोकरी आहे, घरी यायला आठ वाजतात. मुलगा चार वर्षांचा. मेंढरू, मांजर, काहीही चालेल म्हणाल्या बाई. काहीतरी सांगा.
अशोक चौक

उत्तर: मेंढरू करा, सगळ्यात सोपं आणि सगळ्यात गोड. मुलाचा टोपीवाला स्वेटर असेल तर तो काढा, फार जाड असेल तर पांढरा फुल बाह्यांचा टी-शर्ट आणि कानटोपी. आज येताना पांढऱ्या लोकरीचा एक गुंडा आणि काळ्या फेल्टचा एक शीट आणा. जेवणं झाली की टीव्हीसमोर बसून लोकर चार बोटांभोवती गुंडाळायची, मधे बांधायची, दोन्हीकडून कापायची, झाला गोंडा. मोठ्या माणसांना पण कामाला लावा, घरात जितके हात तितके गोंडे. ते छातीवर, पाठीवर आणि टोपीवर हाताने दोन-दोन टाके घालून लावा. पाठीवर कमी लावा म्हणजे खुर्चीत बसताना टोचत नाही. टाके पक्के घ्या, चार वर्षांचं पोर सुटलेला गोंडा आधी तोंडात घालतं. सेफ्टी पिना आणि गरम गोंदाची बंदूक दोन्ही नकोत, पिन उघडते आणि गोंद स्वेटर खराब करतो.

कान फेल्टचे, पानासारखे लांबट, टोपीच्या बाजूला आडवे लोंबणारे. काळे मोजे हातापायात, पण हातातल्या मोज्यांची बोटं कापून टाका म्हणजे त्याला डबा खाता येईल आणि बाईंचा हात धरता येईल. काळी पॅन्ट घरात असेलच. शेपटीला तीन गोंडे एकत्र, कमरेच्या वर शिवलेले.

उद्या रात्री झोपायच्या आधी सगळं घालून दहा मिनिटं घरात फिरू द्या, जिना चढू द्या, खाली बसवा, पाणी पाजा. कुठे टोचतंय का विचारा, कानटोपी डोळ्यावर येत असेल तर मागे एक चुणी घालून टाका. मग शाळेच्या पिशवीत एक साधा टी-शर्ट आणि चड्डी आठवणीने ठेवा, कार्यक्रम झाल्या झाल्या बदलायला.